तरंगत्या ट्रेमधल्या तंबाखूच्या रोपांना खत: किती, कधी आणि कसं

मातीच्या वाफ्यात खत मूठभर जास्त पडलं तर माती ते पोटात घालते. थोडं मातीच्या कणांना धरून राहतं, थोडं पाण्याबरोबर खाली जातं आणि रोप सावरतं. पाण्यावर तरंगणाऱ्या ट्रेत ही सोय नाही. २८८ कप्प्यांच्या ट्रेत एकेका कप्प्यात मातीऐवजी भरलेलं मिश्रण चार चमचेही मावत नाही, आणि खालच्या पाण्यात जे विरघळलंय तेच रोप दिवसरात्र पितं. सगळा वाफा म्हणजे एकच मोठी कुंडी. चूक झाली तर एका रोपाला होत नाही, तीस-पस्तीस हजार रोपांना एकदम होते.

मी निपाणीकडच्या तंबाखूवाल्या घरातला. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात बर्ली जातीचा तंबाखू करणाऱ्या एका कुटुंबाच्या शेतावर लागोपाठ चार वसंत रोपवाटिकेचं काम केलं. गावाकडून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तिकडं खत कुठलं टाकतात?" मी उलट विचारतो, "तुमच्या वाफ्यात पाणी किती लिटर आहे?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "असेल दोन-चार हजार." दोन हजार की चार हजार, यावर खताचं अख्खं गणित दुप्पट किंवा निम्मं होतं. म्हणून हा लेख खतापासून नाही, पाण्यापासून सुरू करतो.

वाफा थोडक्यात

केंटकी, टेनेसी, नॉर्थ कॅरोलायना, व्हर्जिनिया या तंबाखूच्या पट्ट्यात आज लागणीची बहुतेक रोपं अशीच तयार होतात. लाकडी फळ्यांची चौकट, आत जाड काळं प्लॅस्टिक, त्यात १० ते १५ सेंटिमीटर पाणी आणि पाण्यावर थर्माकोलचे ट्रे. कप्प्याच्या तळाला भोक असतं. पीट (दलदलीतला कुजका पाला) आणि व्हर्मिक्युलाइट, पर्लाइट या फुगवलेल्या हलक्या खनिजांचं मिश्रण दिव्याच्या वातीसारखं खालून पाणी ओढतं. तंबाखूच्या एका ग्रॅम बियाण्यात दहा हजारांहून जास्त दाणे असतात, त्यामुळे इथे मातीचा लेप दिलेलं गोळीचं बी वापरतात आणि कप्प्यात एकच दाणा टाकतात. पेरणीपासून लागणीपर्यंत सात ते दहा आठवडे लागतात. वाफा बांधण्याबद्दल इथे एवढंच पुरे. फक्त एक गोष्ट विसरू नका, तळ सपाट हवा. एका टोकाला आठ आणि दुसऱ्या टोकाला सोळा सेंटिमीटर पाणी असेल तर खोलीचं एक माप घेऊन केलेला कुठलाच हिशोब बरोबर येणार नाही.

पाणी लिटरमध्ये मोजा

आतली लांबी आणि रुंदी मीटरमध्ये घ्या. पाण्याची खोली किमान सहा ठिकाणी पट्टीने मोजून सरासरी काढा, तीही मीटरमध्ये. तिन्ही आकडे गुणा आणि हजाराने गुणा, लिटर मिळतील.

एक उदाहरण घेऊ आणि पुढे तेच वापरू. आतून १०.३५ मीटर लांब, २.७२ मीटर रुंद वाफा, सरासरी खोली १२ सेंटिमीटर. १०.३५ × २.७२ म्हणजे सुमारे २८.१५ चौरस मीटर. त्याला ०.१२ ने गुणलं की ३.३७८ घनमीटर, म्हणजे ३,३७८ लिटर. अशा वाफ्यात नेहमीच्या मापाचे, साधारण ३४ × ६७ सेंटिमीटरचे १२० ट्रे बसतात.

खोली ट्रे ठेवायच्या आधी मोजायची. ट्रे ठेवले की त्यांच्या वजनाने पातळी वर चढते आणि पाणी आहे त्यापेक्षा जास्त भासतं. ट्रे बसल्यावर चौकटीला एक काठी ठोकून पातळीची खूण करून ठेवा, पुढे पाणी किती घटलं ते तिच्यावरून कळेल.

इथली पुस्तकं फूट, इंच आणि गॅलनमध्ये बोलतात. घनफुटाला ७.४८ गॅलन धरतात, पण तो अमेरिकन गॅलन, ३.७८५ लिटरचा. इंग्लिश गॅलन ४.५४६ लिटरचा असतो. आपल्याकडे फोनवर किंवा व्हिडिओत बघून कुणी गॅलनचं लिटर करत असेल तर कुठला गॅलन ते आधी बघा. मात्रेत वीस टक्क्यांची चूक एवढ्यानेच होते.

पाणी कसलं आहे

मध्य केंटकीखाली चुनखडीचा खडक आहे. तिथलं विहिरीचं पाणी पिताना गोड लागतं, पण त्यात बायकार्बोनेट भरपूर असतं. अशा पाण्याचा पीएच हळूहळू वर सरकतो, लोह आणि इतर सूक्ष्म अन्नद्रव्यं असूनही रोपाला मिळत नाहीत. आपल्याकडच्या जड बोअरच्या पाण्याचा अनुभव ज्यांना आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. केंटकीत आणि नॉर्थ कॅरोलायनात शेतकरी पेरणीआधी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत देतात. ते आपणही करावं. अहवालात तीन गोष्टी बघा: पीएच, अल्कता (बायकार्बोनेटसारख्या, आम्ल मारणाऱ्या क्षारांचं प्रमाण) आणि ईसी (पाणी वीज किती वाहून नेतं, म्हणजे त्यात क्षार किती).

अल्कता लिटरला २ मिलीइक्विव्हॅलंटपर्यंत, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात १०० पीपीएमपर्यंत (लिटरला १०० मिलिग्रॅम) असेल तर काही करू नका. त्याहून बरीच जास्त असेल तर इथे बॅटरीत घालायचं सौम्य गंधकाम्ल वापरतात. ३५ टक्क्यांचं आम्ल लिटरला साधारण ०.११ मिलिलिटर दिलं की १ मिलीइक्विव्हॅलंट अल्कता कमी होते. आपल्या उदाहरणातल्या वाफ्याला ते पावणेचारशे मिलिलिटरच्या आसपास होतं. सगळी अल्कता मारायची नाही, एखादा मिलीइक्विव्हॅलंट शिल्लक राहू द्या, नाहीतर पीएच धाडकन कोसळतो. आधी बादलीभर पाण्यावर करून बघा. आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, आम्लात पाणी कधीच नाही. डोळ्याला चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच.

तळ्याचं किंवा ओढ्याचं पाणी शक्यतो टाळा. त्यातून पिथियम बुरशी येते, मुळं तपकिरी होऊन सडतात. मग पानं पिवळी दिसतात आणि माणूस खत कमी पडलं समजून आणखी खत ओततो.

खत निवडताना गोणीची मागची बाजू वाचा

पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात तीन आकडे असतात: नत्र, स्फुरद, पालाश. तरंगत्या वाफ्यासाठी खरी माहिती मागे बारीक अक्षरात असते, नत्र कोणत्या रूपात आहे ती. निम्मं किंवा त्याहून जास्त नत्र नायट्रेट रूपात हवं, उरलेलं अमोनियम चालेल. युरिया नको.

युरियाला एवढा विरोध का, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. युरियाचं आधी अमोनियम होतं, मग जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. जिवंत मातीत हे दोन्ही प्रकारचे जिवाणू भरपूर असतात, त्यामुळे नायट्राइट मधल्या पायरीवर थांबत नाही. पीटच्या मिश्रणात आणि वसंतातल्या गार पाण्यात दुसरे जिवाणू फार मंद असतात. नायट्राइट साठत जातं आणि ते रोपाला विषारी आहे. रोप खुजं राहतं, पिवळं पडतं. मापाप्रमाणे खत देऊनही पिवळं, म्हणून आणखी खत दिलं जातं, आणि विष वाढतं. शिवाय पाण्यात विरघळलेला युरिया वीज वाहून नेत नाही, म्हणून ईसी मीटरला तो दिसतच नाही. मीटर म्हणतो खत कमी आहे, प्रत्यक्षात पाणी खताने भरलेलं असतं.

दुसरी गोष्ट स्फुरद. "मुळांसाठी स्फुरद" हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की २०-२०-२० बघून बरं वाटतं. पण तरंगत्या ट्रेत जास्त स्फुरदाने रोप लांबट, लुकडं आणि मऊ होतं. पाण्यात स्फुरद ३५ ते ५० पीपीएम असलं की पुष्कळ झालं. म्हणून इथे २०-१०-२०, १५-५-१५, १६-५-१६ अशी कमी स्फुरदाची खतं चालतात. २०-१०-२० ने नत्र १०० पीपीएमला आणलं की स्फुरद आपोआप ५० ला येतं.

गोणीवर गंधक आणि बोरॉन आहेत का तेही बघा. गंधक बऱ्याच विद्राव्य खतांत नसतं. मिश्रणात जिप्सम असेल तर भागतं. नसेल तर मॅग्नेशियम सल्फेट लिटरला ०.३ ग्रॅम दिलं की साधारण ३९ पीपीएम गंधक आणि २९ पीपीएम मॅग्नेशियम मिळतं. बोरॉन मात्र सुटं घेऊन स्वतःच्या अंदाजाने टाकू नका. गरज आणि विषबाधा यांत त्याचं अंतर फार थोडं आहे. सूक्ष्म अन्नद्रव्यांसह येणारं खत घेतलेलं चांगलं.

वजनाचं गणित

पीपीएम म्हणजे एका लिटर पाण्यात किती मिलिग्रॅम. एवढं कळलं की बाकी सगळं त्रैराशिक आहे.

खताचे ग्रॅम = लिटर × हवे असलेले पीपीएम ÷ (खतातलं नत्र टक्के × १०)

आपल्या वाफ्यात ३,३७८ लिटर पाणी, नत्र १०० पीपीएम हवंय, खत २०-१०-२०. ३,३७८ × १०० ÷ २०० म्हणजे १,६८९ ग्रॅम, जवळपास १ किलो ७०० ग्रॅम. १५-५-१५ असेल तर भागायचं १५० ने, म्हणजे सव्वादोन किलो.

किती पीपीएम धरायचं यात राज्याराज्यात फरक आहे. केंटकीत ७५ ते १०० पीपीएम नत्र पुरेसं मानतात. नॉर्थ कॅरोलायनात पहिली मात्रा १०० ते १५० पीपीएमची आणि साधारण चार आठवड्यांनी पाणी पुन्हा १०० वर आणायचं, असा सल्ला असतो. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा करणाऱ्याने १०० च्या वर जाऊ नये. कमी पडलेलं नत्र चार दिवसांत भरून काढता येतं. जास्त झालेलं काढायचं तर पाणी उपसून नवं भरावं लागतं.

केव्हा टाकायचं

ट्रे पाण्यावर सोडायच्या आधीच खत कालवून ठेवायचा मोह होतो, कारण तेव्हा वाफा मोकळा असतो आणि काम सोपं असतं. मी ते करत नाही. कोरडं मिश्रण पहिलं पाणी अधाशासारखं ओढतं. त्या पाण्यातच खत असेल तर कप्पा तळापासून माथ्यापर्यंत खारट होतो. वरून पाण्याची वाफ होत राहते, क्षार मागे राहतात, आणि नेमके तिथेच, माथ्याच्या अर्धा सेंटिमीटरमध्ये बी उगवत असतं.

पहिलं पाणी साधं पिऊ द्या. ट्रे तरंगवल्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवसापासून आठवडा-दहा दिवसांच्या आत खत द्या. त्याहून उशीर नको. बियाण्यातला साठा नावापुरताच असतो आणि दोन पानांचं रोप लगेच भुकेलं होतं. मिश्रणात आधीपासून खत घातलेलं असेल, तर गोणीवर तसं लिहिलेलं असतं, घाई आणखी कमी.

कसं कालवायचं

कोरडं खत वाफ्यात फेकायचं नाही. ते ट्रेखाली तळाला बसतं आणि दिवसेंदिवस तिथेच राहतं. बादलीत कोमट पाणी घेऊन पूर्ण विरघळवा, तळाशी खडा राहता कामा नये. मग कडेकडेने निदान आठ-दहा ठिकाणी दोन-तीन ट्रे उचलून थोडं थोडं ओता. ते द्रावण साध्या पाण्यापेक्षा जड असतं, त्यामुळे आपोआप मिसळेल या भरवशावर राहू नका. एका टोकाला छोटा पंप ठेवून पाणी दुसऱ्या टोकाला सोडा आणि काही तास फिरू द्या. पंप नसेल तर रुंद फळीने कडेने पाणी ढवळा, पुन्हा संध्याकाळी ढवळा.

मोजायचं दुसऱ्या दिवशी, वाफ्याच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये, वरच्या थरात आणि तळाजवळ. सगळे आकडे जवळपास सारखे आले की कालवण झालं. फरक मोठा असेल तर पुन्हा फिरवा, नवं खत टाकू नका.

मीटर

हा भाग लांबला तरी चालेल, कारण माझी सगळ्यात महागडी चूक इथेच झाली.

पहिल्या वर्षी मालकाचा ईसी मीटर बंद पडला म्हणून मी दुकानातून स्वस्तातला टीडीएस मीटर आणला. त्यावर आकडा पीपीएममध्ये येत होता. मला १०० पीपीएम हवे होते. साध्या पाण्यात आकडा आधीच १७५ होता, तर मी खत टाकत टाकत तो २७५ वर नेला आणि समाधानाने हिशोबाच्या वहीत "१०० पीपीएम" लिहिलं. तीन आठवड्यांनी सगळा वाफा फिकट हिरवा. पानांवर टार्गेट स्पॉट या बुरशीच्या रोगाचे गोल डाग दिसू लागले. प्रयोगशाळेचा अहवाल आला तेव्हा नत्र ३० पीपीएमच्या आसपास होतं.

टीडीएस मीटरचा पीपीएम नत्राचा नसतो. तो मीटर खरं म्हणजे ईसीच मोजतो आणि त्याला ५०० ने किंवा ७०० ने गुणून "एकूण विरघळलेले क्षार" म्हणून दाखवतो. कुठल्या आकड्याने गुणतो ते कंपनीवर अवलंबून. २०-१०-२० खताने १०० पीपीएम नत्र झालं की ईसी साधारण ०.६५ मिलिसीमेन्सने वाढते. ५०० वाल्या मीटरवर ही वाढ ३२५ दिसेल, ७०० वाल्यावर ४५५. मी १०० च्या वाढीवर थांबलो होतो.

म्हणून मीटर ईसीचाच घ्या, मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर दाखवणारा आणि तापमानाची दुरुस्ती आपोआप करणारा. १,००० मायक्रोसीमेन्स म्हणजे १ मिलिसीमेन्स. सोबत मिळणाऱ्या प्रमाण द्रावणात महिन्यातून दोनदा तपासून घ्या. खत टाकण्याआधी साध्या पाण्याची ईसी मोजून ठेवा. समजा ती ०.३५ आहे. खत टाकल्यावर ती १.०० च्या आसपास यायला हवी. त्या १.०० मधून ०.३५ वजा केल्यावर जे उरतं तेवढंच खत. प्रत्येक खताचा ईसीचा आकडा वेगळा असतो आणि चांगल्या गोणीवर तो तक्ता छापलेला असतो. नसेल तर स्वतः काढा: आपल्याच पाण्याच्या एका लिटरमध्ये अर्धा ग्रॅम २०-१०-२० विरघळवा, ते अचूक १०० पीपीएम. त्याची ईसी मोजा, साध्या पाण्याची वजा करा, झाला तुमचा तक्ता.

ते वर्ष वाचलं, कारण चूक कमीच्या बाजूला होती आणि लागणीला अजून वेळ होता. उलट्या बाजूला झाली असती तर रोपं विकत आणायची वेळ आली असती.

दुसरी मात्रा

ईसी आठवड्यातून एकदा मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. चौथ्या आठवड्यापर्यंत रोपं नावापुरतंच खातात. त्यानंतर पानं एकमेकांना भिडतात आणि पाणी व नत्र दोन्ही झपाट्याने उतरतात.

समजा पाचव्या आठवड्यात काठीवर पातळी ४ सेंटिमीटर उतरलेली दिसली आणि ईसी, साध्या पाण्याची वजा करून, ०.२९ आहे. म्हणजे नत्र साधारण ४५ पीपीएम. २८.१५ चौरस मीटरला ४ सेंटिमीटर म्हणजे ११२६ लिटर पाणी गेलं, २२५२ लिटर उरलं. साधं पाणी भरून पातळी मूळ खुणेवर आणली की ते ४५ पीपीएम पातळ होऊन ३० वर येतं. १०० वर न्यायचं तर ७० पीपीएमची तूट भरायची: ३,३७८ × ७० ÷ २०० = सुमारे १,१८० ग्रॅम. आधी पाणी भरा, मग मोजा, मग खत टाका. हा क्रम उलटा केला की हिशोब चुकतो.

दर वेळी जड पाणी भरत गेलं की त्यातले क्षार साठतात, कारण रोप पाणी पितं आणि बायकार्बोनेट, सोडियम मागे टाकतं. त्यामुळे शेवटच्या आठवड्यांत ईसी बरी दिसते पण नत्र तेवढं नसतं. पान फिकट आणि आकडा चांगला, असं कोडं पडलं तर पाण्याचा नमुना नायट्रेटसाठी प्रयोगशाळेत द्या.

कप्प्याच्या माथ्यावर पांढरी पूड

पेरणीनंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, ऊन लख्ख आणि हवा कोरडी असताना, मिश्रणाच्या माथ्यावर पांढरट थर येतो. रोपं वाढायची थांबतात, पानांच्या कडा करपतात, काही नुसतीच झोपतात. वाफ्यातल्या पाण्याची ईसी मात्र ठीक असते. बरेच जण इथे फसतात. क्षार पाण्यात नाहीत, वर चढून कप्प्याच्या माथ्यावर बसले आहेत.

उपाय साधा आहे. बारीक झारीने किंवा फवाऱ्याने वरून साधं पाणी द्या, सकाळी, आणि इतकं की ते कप्प्यातून खाली उतरेल. नुसतं शिंपडून माथा ओला केला तर क्षार विरघळून मुळाशी येतात आणि जास्त त्रास होतो. एक दिवसाआड दोन-तीनदा केलं की नवं पान सरळ निघतं. मी तर त्या दिवसांत थर दिसायची वाट बघत नाही. चार दिवस पाठोपाठ कडक ऊन पडलं की एकदा वरून पाणी देतोच.

पान बघून ओळखायचं

खालची पानं सारखी पिवळी होत वर सरकली तर नत्र कमी. अख्खं रोपच फिकट, विशेषतः नवी पानं, आणि नत्राचा आकडा चांगला, तर गंधकाकडे बघा. नव्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी-पांढरी असेल तर लोह मिळत नाहीये. खतापेक्षा पाण्याचा पीएच तपासा. पोंगा, म्हणजे मधला वाढता कोंब, वाकडा, जाड, ठिसूळ होऊन काळा पडत मेला तर बोरॉनची शंका घ्यावी. पानं जांभळट दिसली तर आधी थर्मामीटर बघा. गारठ्यात मूळ स्फुरद उचलत नाही, आणि ऊब आली की रंग आपोआप जातो.

मुळं बघितल्याशिवाय मात्र काहीच ठरवू नका. दोन रोपं उपटून मिश्रण धुवा. मुळं पांढरी असतील तर प्रश्न अन्नाचा. तपकिरी आणि बोटात धरल्यावर साल निसटणारी असतील तर रोगाचा, आणि तिथे खत टाकून उपयोग नाही.

छाटणी आणि शेवटचे दिवस

साधारण पाचव्या आठवड्यापासून रोपांचे शेंडे वरून छाटतात, म्हणजे सगळी एका उंचीची आणि जाड देठाची होतात. पोंग्याला धक्का लावायचा नाही, दर वेळी एक-दोन सेंटिमीटर, पाच ते सात दिवसांच्या अंतराने. याचा खताशी थेट संबंध आहे. नत्र १५० पीपीएमच्या वर असेल तर रोप इतकं जोमात पळतं की छाटणी हाताबाहेर जाते. कापलेली पानं ट्रेवर पडून सडतात, मऊ देठांना जिवाणूंची काळी सड लागते. नत्र ५० च्या खाली गेलं तर माझ्या पहिल्या वर्षासारखा टार्गेट स्पॉट. या दोन आकड्यांच्या मध्ये राहायचं. कापलेला पाला प्रत्येक वेळी उचलून वाफ्यापासून लांब टाका.

लागणीच्या दहा-बारा दिवस आधीपासून नवी मात्रा बंद. पाणी घटलं तर फक्त साधं पाणी. नत्र उतरत गेलं की देठ तंतुमय होतो, बोटाभोवती वाकवलं तर वाकतो पण मोडत नाही. असं रोप शेतात दोन दिवस उन्हात लोळलं तरी तिसऱ्या दिवशी उभं राहतं. लागण लांबली आणि रोपं फारच पिवळी पडायला लागली तर २०-२५ पीपीएमची हलकी मात्रा द्या, त्याहून जास्त नको.

निपाणी-कागल-गडहिंग्लजकडे करायचं तर

आपल्याकडे गादीवाफ्यावर तरू करतात आणि बिडीच्या तंबाखूला ते वर्षानुवर्षं चालत आलंय. पण हे करून बघणाऱ्यांनी एक चूक तरी टाळावी. दुकानात सगळ्यात सहज मिळणारं १९:१९:१९ या कामाला योग्य नाही. त्यात निम्म्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असतं आणि स्फुरदही दुप्पट होतं. म्युरिएट ऑफ पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडही नको, तंबाखूला क्लोराइड मानवत नाही.

त्याऐवजी तीन सुटी खतं घ्या. प्रति लिटर कॅल्शियम नायट्रेट ०.४० ग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट म्हणजे १३:०:४५ ०.२२ ग्रॅम आणि मोनोअमोनियम फॉस्फेट म्हणजे १२:६१:० ०.०७५ ग्रॅम. बेरीज नत्र १०० पीपीएम, स्फुरद ४६, पालाश ९९. आपल्या वाफ्याला ते अनुक्रमे १,३५० ग्रॅम, ७४५ ग्रॅम आणि २५५ ग्रॅम होतं. कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:० एकाच बादलीत विरघळवू नका. दाट द्रावणात कॅल्शियम आणि स्फुरद एकत्र आले की दह्यासारखा साका होतो आणि दोन्ही वाया जातात. दोन बादल्या, आणि दुसरी ओतायची ती पहिली वाफ्यात पूर्ण मिसळल्यावर. गंधक वर सांगितल्याप्रमाणे मॅग्नेशियम सल्फेटने, पण तेही कॅल्शियमच्या बादलीत नको. सूक्ष्म अन्नद्रव्यं वेगळी, डब्यावरच्या मात्रेने. या मिश्रणाचा ईसीचा आकडा २०-१०-२० सारखा येणार नाही, म्हणून लिटरभर पाण्यात तक्ता काढण्याचं काम आधी करा, आणि पहिल्या हंगामात आठ-दहा ट्रेच्या वर जाऊ नका.

आपली रोपं पावसाळ्यात होतात. केंटकीत वाफे हरितगृहात किंवा आच्छादनाखाली असतात. उघड्यावरच्या वाफ्यात एका रात्रीत ४ सेंटिमीटर पाऊस पडला तर १२ सेंटिमीटरचं १६ होतं आणि १०० पीपीएमचं ७५. वरून प्लॅस्टिकचं छत घाला, आणि घातलं नसेल तर प्रत्येक मोठ्या सरीनंतर मीटर बुडवा.

उरलेलं पाणी

ट्रे उचलल्यावर वाफ्यात हजार-दोन हजार लिटर पाणी उरतं. ते ओढ्यात किंवा विहिरीजवळ सोडू नका. पंपाने उपसून गवताच्या कुरणात किंवा रिकाम्या रानात पसरवून द्या. ५० पीपीएमचं दोन हजार लिटर म्हणजे अवघं शंभर ग्रॅम नत्र, गवत ते सहज खाऊन टाकतं. ते लागणीच्या पाण्यात मिसळून वापरायचा विचार बऱ्याच जणांच्या मनात येतो, पण वाफ्यात पिथियम असेल तर तो त्याच पाण्याबरोबर शेतात जाईल. प्लॅस्टिक उन्हात वाळवा, ट्रे धुऊन सावलीत रचा, आणि वहीच्या शेवटच्या पानावर त्या वर्षीचं साध्या पाण्याचं ईसी, खताचं एकूण वजन आणि लागणीची तारीख लिहून ठेवा.